हिरवा पडदा

सासऱ्यांनी आपणहून बूट घातले, दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले, तेव्हा सून ओट्याशीच थबकली. तिने गॅस बंद केला आणि गुपचूप त्यांच्या मागे निघाली.

सासूबाई गेल्यापासून हा माणूस खुर्चीला चिकटला होता. पायांत रक्त नीट पोचत नव्हतं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, चालला नाहीत तर पाय गमवाल. मुलाने ओरडून पाहिलं, सुनेने हात धरून नेऊन पाहिलं. पहिल्याच वळणावर त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. म्हणायचे, "कंटाळा येतो गं. नुसतंच काय चालायचं?"

सासूबाई होत्या तेव्हा हेच आळशांचे राजे रोज चालायचे. सासूबाई पडदे शिवायच्या. या रस्त्यावरच्या बहुतेक खिडक्यांना त्यांचाच हात लागलेला. माप घ्यायला घरात शिरलं की घरातलं सगळं कळतंच! चालता चालता त्या एकेका खिडकीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगायच्या आणि ऐन रंगात आली की म्हणायच्या, "उरलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी हे बूट घालून त्यांच्या आधी दारात हजर.

सून झाडाआड उभी राहून बघत होती. सासरे भिंतीकडची जागा मोकळी सोडून चालत होते. समोरून सायकल आली, घंटी वाजली, तरी ते त्या बाजूला सरकले नाहीत. मान तिकडेच कललेली. मध्येच ओठ हलले आणि त्यांना हसू फुटलं, अगदी पूर्वीसारखं.

धावत जावं आणि त्यांना हाताला धरून घरी न्यावं, असं तिला वाटलं. पण त्यांचे पाय! किती दिवसांनी ते न अडखळता पडत होते. तिने हाक मारली नाही.

कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीखाली ते थांबले. वर तिसऱ्या मजल्यावर एक हिरवा पडदा वाऱ्याने हलत होता. तो बराच वेळ बघून ते मागे फिरले, तर समोर सून. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत.

कोणाशी बोलत होतात, असं तिला विचारायचं होतं. तोंडून भलतंच निघालं.

"बाबा, आई काय सांगत होत्या?"

"त्या हिरव्या पडद्याचं."

"पण बाबा, आई गेल्या तेव्हा इथे नुसता खड्डा होता. हा पडदा त्यांनी कधी शिवला?"

सासऱ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"तेच विचारलं मी तिला," ते म्हणाले. "म्हणाली, उरलेलं उद्या."