सातचा कागद

बरोबर सात वाजता छापयंत्र आपणहून खडखडायला लागलं, तसा चाँदभाईंचा हात चहाच्या कपापाशीच थांबला. खोलीत कोणी की-बोर्डला शिवलंसुद्धा नव्हतं. अठरा दिवस दवाखान्यात काढून ते आज भरे गावाजवळच्या कारखान्यात परतले होते, आणि कॉम्प्युटरचा सकाळचा रिपोर्ट त्यांच्यावाचून निघत होता.

"बघा मामू!" हाफीज म्हणाला. हाफीज त्यांचा भाचा, पुण्यात कोर्स करून त्यांच्याच हाताखाली लागलेला. "तुमी रोज मशीनला जे पाच सवाल टाकायचा, ते मी लिहून आतच ठेवलेत. सात वाजले की ते आपलं आपण विचारतं आन् छापतं. तुमी न्हाई हे कुणाला कळलंसुदा न्हाई. खाली नाव तुमचंच ठेवलंय."

कागदाच्या तळाशी इंग्रजीत छापलं होतं : ऑल ओके. चाँदभाई.

खोटं कशाला बोला, चाँदभाईंना भरून आलं. कारखान्यात माणूस आठ दिवस दिसला नाही, की त्याच्या खुर्चीवर दुसऱ्याची पिशवी येऊन बसते. पोरानं मामाची खुर्ची राखली होती.

त्यांनी मागचे कागद चाळायला घेतले, ते कौतुकानंच. पहिल्या दिवशी 'उशीर : दोन सेकंद'. सहाव्या दिवशी तीन. बाराव्या दिवशी पाच. काल आठ. आज नऊ. आणि प्रत्येक कागदाखाली तेच, ऑल ओके, चाँदभाई.

कौतुक तिथंच आटलं. पलीकडच्या शेडमध्ये रसायनाची मोठी टाकी होती. ती तापली की तिच्याभोवती गार पाणी सोडायचं, हे या मशीनचं मुख्य काम. 'उशीर' म्हणजे टाकी तापल्यावर पाणी सोडायला मशीन किती वेळ लावतं ते. दहाच्या पुढं गेल्यावर काय होतं हे कंपनीच्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. जाऊ देऊ नये, एवढंच लिहिलं होतं.

"हाफीज, जुन्या नोंदी कोण काढतंय?"

"कसल्या नोंदी?"

"अरे, मशीनमदी रोजच्या नोंदी साठत्यात. त्यानंच ते जड होतं. मी सकाळी येऊन आदी त्या काढायचो. उशीर दोनावर आणायचो. परत तपासायचो. आन् मंग लिहायचो, ऑल ओके."

हाफीजचा चेहरा उतरला. "मला वाटलं, पत्रात लिहितात तसं आसंल ते. हिकडं सर्व ठीक हाय. घरात कोण का आजारी आसंना, तेवढं लिहायचंच."

चाँदभाईंना शिवी द्यायची होती, पण ती ओठांवर आली नाही. छातीला नळ्या लावलेल्या असताना त्यांनीच घरी बायकोला, रहिमतबीला, निरोप धाडला होता, इकडं सर्व ठीक आहे.

ते की-बोर्डपुढं बसले आणि नोंदी काढायचा हुकूम टाकू लागले. पहिलं अक्षर दाबलं. पडदा काळाच. त्यांनी मनात मोजलं. नऊ झाले तेव्हा ते एक अक्षर उमटलं. हुकूम वीस अक्षरांचा होता.

त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, टाकी बंद करा. माणसं भाईर काढा."

"अहो चाँदभाई, रिपोर्ट माझ्यासमोर आहे. तुम्हीच ऑल ओके लिहिता आणि तुम्हीच बंद करा म्हणता? तब्येत बरी आहे ना?"

"ते मी लिहिलेलं न्हाई, साहेब!"

"मग कोणी लिहिलं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. हाफीजला की-बोर्डवर बसवून चाँदभाई शेडकडं धावले. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं होतं; पळू नका हे सांगायची त्यांना गरजच वाटली नसावी.

शेडमध्ये टाकीशेजारच्या बाकावर नथू न्याहारीचं फडकं सोडत होता. नथू भऱ्याचाच. टाकी उभी होती ती जमीन एकेकाळी त्याची भाताची खाचरं होती.

"नथू! पाणी हातानं सोड! चाक फिरव!"

"कंचं चाक?" नथू उठून उभा राहिला. "त्ये परवाच काढून न्हेलं की सायबांनी. म्हनले, रोज ठीक येतंय, आता हाताचं चाक कशाला? आमी लई वरडलो, चाक ऱ्हाऊ द्या म्हनून. तवा त्यांनी ह्ये दावलं."

त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिथं फळीवर रोजचे कागद एकावर एक टाचलेले होते.

"मला इंग्रजी येत न्हाई, चाँदभाई. पर तुमचं नाव वळखतो. त्ये बगितलं आन् समदी गप झालो."

टाकीवरचा काटा लाल रेघेला टेकला. आता पाणी सुटायला हवं होतं. चाँदभाईंनी नथूचा दंड धरला आणि त्याला दाराकडं ओढत ओढत ते तोंडानं मोजू लागले. एक. दोन. तीन... आठ. नऊ. दहा.

"काय मोजताय?" नथूनं विचारलं.

ते बारापर्यंत आले, तरी पाण्याचा आवाज आला नव्हता.