दुसरं बटण

"हा माझा नौफल, उस्ताद. कुठं आहे तेवढं सांगा."

बाईनं फोटो टेबलावर ठेवला. लष्करी कोट, कमरेला तलवार, मिसरूड नुकतं फुटलेलं. फोटोच्या मागं फोटोग्राफर नखलेच्याच स्टुडिओचा शिक्का.

नखलेनं फोटोला हात लावला नाही. लढाईचं दुसरं वर्ष. तुर्कांच्या पलटणीतून पळालेली पोरं दमास्कसच्या चौकात फासावर चढत होती आणि गल्लोगल्ली खबरे फिरत होते.

"रोज इतकी पोरं फोटो काढून जातात, मावशी. कोण कुठं गेलं, मला काय ठाऊक?"

"संशय घेता? घ्या. हल्ली लोक भाकरीवरही घेतात. हौरानहून चालत आलेय मी."

"चालत? जोड्यांना धूळ नाही ती?"

"वेशीपासून एका देवमाणसानं गाढवावर बसवलं. गाढवाची साक्ष काढू?"

नखले हसला नाही. बाईनं फोटो त्याच्यापुढं सरकवला.

"हे दुसरं बटण बघा. बाकीची पितळी, हे लाकडाचं. पलटणीत निघाला तेव्हा उंबऱ्यातच तुटलं. त्याच्या बापाच्या अंगरख्याचं काढून मीच लावून दिलं. सुई बोटात घुसली, तर फुंकर घालून म्हणतो कसा, 'आई, आता हे जन्मात तुटायचं नाही.'"

तिनं पदरात तोंड लपवलं. हुंदके आवरेनात.

नखले त्या बटणाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू निवळला. त्यानं उठून दार लोटलं.

"होम्सला आहे. नदीकाठच्या पाणचक्कीत, गोण्यांच्या मागं झोपतो. माझं नाव घेऊ नका."

बाईनं त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि लगबगीनं गेली.

माळ्याच्या शिडीवरून त्याची बायको वर्दे रिकामा वाडगा घेऊन उतरली. वर तिला शब्द कळले नव्हते. हुंदके आणि शेवटचं होम्स तेवढं ऐकू आलं होतं.

"अहो, नौफल आपल्या माळ्यावर, आणि त्या माउलीला होम्सला धाडलंत? काळीज आहे की दगड?"

नखलेनं पुन्हा दार उघडलं. बाहेर ताटकळलेल्या कांदेवाल्याला त्यानं आत घेतलं.

"बायकोला फोटो पाठवायचाय, उस्ताद. अगदी पाशा दिसलो पाहिजे!"

"दिसशील."

नखलेनं खुंटीवरचा लष्करी कोट काढून त्याच्या अंगात चढवला, कमरेला तलवार अडकवली, आणि वरून दुसरं, लाकडाचं बटण नीट लावून दिलं.