गोल खोलीतली शिक्षा

समुद्रावरून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवायला बांधलेला जुना बुरूज आता दीपगृह झालाय. वरचा दिवा नवरा सांभाळतो, आणि खालच्या गोल खोलीत तीन वर्षांची लेक सांभाळताना माझ्या नाकी नऊ येतात. माझी पाठ वळली रे वळली, की ही दिव्याकडे जाणारा उभा जिना चढायला लागते आणि माझा जीव टांगणीला!

काल मात्र मी मनाचा दगड केला. "पुन्हा जिन्यावर गेलीस? जा, कोपऱ्यात उभी राहा!"

भिंतीला हात लावत ती निमूट निघाली. एक फेरी झाली, दुसरी झाली. "आई, कोपरा कुठंय गं?"

अगं बाई, खरंच की! गोल खोलीत कोपरा आणायचा कुठून? मीही तिच्यामागे निघाले. नवरा खाली आला तेव्हा आम्ही दोघी गरगरून जमिनीवर लोळत खिदळत होतो.

"घ्या! लागली शिस्त," तो म्हणाला.

आज भाजी चिरताना मागून हाक आली. बाईसाहेब पहिल्याच पायरीवर थांबून माझी वाट बघत होत्या.



"आई, मी वर चाललेय हं! दे ना लवकर शिक्षा!"