समोरचं टोक

अनोळखी माणसांनी समोरासमोर बसावं, दोन शब्द बोलावेत म्हणून पालिकेने ऑफिसांच्या रस्त्यावर, फुटपाथवर मोठा सीसॉ बसवला. त्याची देखभाल माझ्याकडे. वंगण घालून घालून हात काळे झाले, पण त्यावर कधी कुणी बसलेलं पाहिलं नाही. लोकांना मान वर करायला फुरसत कुठे?

त्या दुपारी बायको डबा घेऊन आली आणि गंमत म्हणून एका टोकावर बसली. समोरचं टोक रिकामं होतं. तरी ती अलगद वर गेली, पार माझ्या डोक्याच्या वर.

"आता म्हणा मला जाडी," ती हसली.

मी फळी धरून खाली ओढली. हलेना.

"अहो, उतरवा मला." आता ती हसत नव्हती.

मी फळीला लोंबकळलो आणि कसाबसा तिच्या मागे चढून बसलो. दोघांच्या वजनाने आम्ही हळूहळू खाली आलो. पाय टेकणार, तोच समोर आणखी कुणी बसावं तशी फळी करकरली आणि आम्ही पुन्हा वर गेलो.

खालून एक गृहस्थ चालले होते. मी हाक मारली, "साहेब, जरा आमच्या बाजूला बसता का? उतरायचंय आम्हाला."

ते थांबले. त्यांनी समोरच्या रिकाम्या टोकाकडे नीट पाहिलं, मग त्याच्या मागे फुटपाथने चालत गेले. चालतच राहिले. पार कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, रांगेत शेवटी उभं राहावं तसे, पुढच्याला धक्का लागू नये इतकं अंतर राखून.