अंगणाची हद्द

गवत कापणारं यंत्र घेऊन विश्राम दाबक्यांचे दोन फायदे होणार होते. कंबरदुखी टळणार होती आणि कुंपणापलीकडचा धाकटा भाऊ जळणार होता. त्याच्याशी नऊ वर्षं अबोला होता.

यंत्र निवडायचं तर आधी अंगणाची माती वाचून घ्यावी लागे. दुकानातून आलेल्या मुलीने माती वाचणारी काठी जमिनीत रोवली आणि काठीवरच्या छोट्या पडद्याकडे पाहत ती म्हणाली, "काका, लहान यंत्र अडकेल. गवताखाली पायवाट दबली आहे."

"पायवाट? कुणाची?"

"स्वयंपाकघर ते कुंपण. रोज सकाळी सहाला, एकच माणूस. जाताना वजन थोडं जास्त, येताना कमी. नऊ वर्षं झाली."

सहाला विश्रामराव फिरायला जात. त्यांनी दाराकडे पाहिलं. ऊर्मिलाबाई पदराला हात पुसत होत्या.

"भाऊजी एकटे असतात. दोन भाकऱ्या काही जड नव्हत्या."

"मला सांगायचं तरी!"

"अहो, तुम्ही त्यांचं नाव तरी काढू देत होतात का?"

"काका, हद्द कुंपणापर्यंतच धरू ना?" मुलीने विचारलं.

विश्रामराव कुंपणापाशी गेले. मग म्हणाले, "कुंपण मीच घातलं होतं, मीच काढतो. दोन्ही अंगणांना पुरेल असं दे."

मोठ्या यंत्राचे पैसे त्यांनी भरले. अबोल्याची किंमत ऊर्मिलाबाई रोज थोडी थोडी भरत आल्या होत्या.