सहावी सुट्टी

बर्फामुळे शाळेला मिळणाऱ्या या हिवाळ्यातल्या पाचही सुट्ट्या संपल्या होत्या; पुढची प्रत्येक सुट्टी जूनमध्ये भरून काढावी लागणार होती. सहावी पडली असती, तर बारावीचा निरोप समारंभ जूनमध्ये एक दिवस पुढे गेला असता, आणि नेमकं त्याच दिवशी बारावीतल्या वेन्डेलला नौदलात हजर व्हायचं होतं.

रात्री पुन्हा बर्फ पडला, आणि पहाटे वेन्डेलच्या घरी शाळेतून फोन आला. "शाळा दोन तास उशिरा भरवली तरी दिवस भरला असं धरता येतं. पण बससाठी तुमच्या चढावरचा रस्ता मोकळा पाहिजे."

सगळी आळी फावडी घेऊन धावली. नऊ वाजता बस हॉर्न वाजवत चढ चढून आली, तेव्हा टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. वेन्डेलची सात वर्षांची बहीण मार्लिस मात्र अजून बर्फ उपसतच होती.

"अगं, झालं की आता," वेन्डेल हसला.

ती कानाशी येऊन म्हणाली, "दादा, बर्फ पडून सुट्टी मिळावी म्हणून काल रात्री मी पायजमा उलटा घालून झोपले होते. वर्गात सगळे म्हणतात, तसं केलं की बर्फ पडतो."