माणशी आठ लाख

मंगळवार, अकरा मार्च. दुपारचे बारा वाजून बावन्न मिनिटे. कारखान्याच्या मोजमाप खोलीत सात माणसे दाटीवाटीने जमली होती आणि सातही जिंकलेली होती. तरी कोणी हसत नव्हते.

ऑनलाइन लॉटरीचे सात आकडे सकाळीच जाहीर झाले होते. ते यांचेच होते. सहा वर्षांपूर्वी प्रत्येकाने आपल्या पसंतीचा एकेक आकडा दिला होता. तेव्हापासून दर सोमवारी डब्यात वर्गणी जमे आणि त्याच आकड्यांचे एक तिकीट गटाच्या नावाने निघे. बक्षीस छप्पन लाखांचे. नियम साधा होता: ते आकडे जितक्या तिकिटांवर असतील, तितके समान भाग. तिकिटांची संख्या आणि तिकीटधारकांची नावे बरोबर एक वाजता पडद्यावर येणार होती.

"आपलं एकच असेल, तर छप्पन भागिले सात," वेल्डर म्हणाला. "माणशी आठ लाख."

"आणि दुसरं निघालं तर?" स्टोअरकीपर बाईंनी विचारले.

संगणकापुढे बसलेला तपासनीस माउस उगाच इकडेतिकडे सरकवत राहिला. दुसरे तिकीट त्याचे होते.

एकोणीस वर्षे तो याच खोलीत केसाहून बारीक फरक पकडत आला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याने घरी बसून एक हिशेब मांडला, आणि तो बिनचूक निघाला. तेव्हापासून दर सोमवारी आकडे तेच, तिकीट वेगळे, पैसे स्वतःच्या खिशातले. दोन तिकिटे म्हणजे दोन भाग. अठ्ठावीस लाख एकट्याचे, शिवाय गटाच्या अठ्ठावीस लाखांतले चार. एकूण बत्तीस. बाकीच्यांच्या पदरात चार-चार. कागदावर त्या बाकीच्यांना चेहरे नव्हते. आता सहा चेहरे त्याच्या पाठीशी उभे होते.

त्यांत टर्नरदादा होते. त्याच्या बायकोच्या ऑपरेशनला सर्वांत आधी रक्त द्यायला धावलेले. आठ मिनिटांनी तेच हात आपल्या गळ्याशी येतील, असे त्याला वाटले.

बारा सत्तावन्न.

"नावं कशाला बघायची?" बाई म्हणाल्या. "पैसे खात्यात येतीलच की."

"तेच म्हणतो मी," ड्राफ्ट्समन घाईघाईने म्हणाला. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दाराशीच खिळून होते.

"अरे, तोंडं कसली पाडलीत? मयताला आलोय का आपण?" वेल्डरने थट्टा केली. त्याचे त्यालाही हसू आले नाही.

मापे बिघडू नयेत म्हणून त्या खोलीचे तापमान बाराही महिने वीस अंशांवर ठेवलेले असे. दादा तरीही रुमालाने मान पुसत होते. तपासनिसाने ते पाहिले. यांना वास लागला आहे. सर्वांना ठाऊक आहे. फक्त आपल्या तोंडून वदवून घ्यायचे बाकी आहे.

बारा एकोणसाठ. तो खुर्ची सरकवून उठला.

"मला एक सांगायचंय. ते दुसरं तिकीट…"

"गप बस," दादा खालच्या आवाजात म्हणाले. "एक शब्द बोलू नकोस. बस खाली, बाळा."

दादा आपल्याला पाठीशी घालत आहेत, असे त्याला वाटले. त्याचे डोळे भरून आले. तो मुकाट्याने बसला.

एक वाजला. पडदा हलला.

विजेती तिकिटे: आठ.

खाली आठ नावे होती. पहिले गटाचे. दुसरे त्याचे स्वतःचे. तिसरे टर्नरदादांचे. उरलेल्या पाच नावांची माणसे त्याच खोलीत उभी होती.

कोणाचा हात कोणाच्या गळ्याशी आला नाही. कोणी कोणाकडे पाहिलेही नाही. दादांनी रुमालाची नीट चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि ते आधी बाहेर पडले. मग एकेक करून इतर निघाले. पुढच्या सोमवारी वर्गणीचा डबा कोणी फिरवला नाही.

भाग आठ झाले. ज्याच्या त्याच्या तिकिटाचे सात लाख, गटाच्या तिकिटातून एक. माणशी आठ लाख.